पंपाची वीज : जाण्याची वाट व परतीची वाट

विहिरीवरील विजेचा पंप चालविण्यास शेतकरी लवकर शिकतो. परंतु त्यातून वीज कोणत्या वाटेने वाहते, हे समजून घेण्याचे बहुधा राहून जाते. मोटार जळणे किंवा बैल दगावणे असे प्रकार पुष्कळदा याच उणिवेतून घडतात.

पाटाचे पाणी शेवटच्या वाफ्यात जिरले की पाटाचे काम भागते. विजेचे तसे नाही. रोहित्रापासून निघालेल्या प्रवाहास पुन्हा रोहित्रापर्यंत परतण्यास अखंड वाट लागते. या पूर्ण फेऱ्यास विद्युत् मंडल म्हणतात. म्हणूनच सिंगल फेज पंपास दोन तारा लागतात : एक फेजची व दुसरी परतीची, म्हणजे न्यूट्रल. मंडल कोठेही तोडले तरी प्रवाह थांबतो. मात्र स्विच न्यूट्रलवर बसविला असेल, तर पंप बंद पडूनही मोटारीच्या वाइंडिंगमध्ये 230 व्होल्टांचा दाब कायम राहतो. आणि पंप बंद आहे अशा समजुतीने जोडणीस हात लावणारा मनुष्य स्वतःच परतीची वाट होऊन बसतो. यासाठी एकेरी स्विच व फ्यूज फेजच्या तारेवरच असले पाहिजेत. दोन्ही तारा एकदम तोडणारा स्विच त्याहून उत्तम.

तार जितकी लांब व बारीक, तितका तिचा प्रवाहास होणारा रोध अधिक. विहीर 100 मीटरवर असेल, तर जाऊन-येऊन तार 200 मीटर होते. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा एवढ्या लांबीत रोध सुमारे 2.4 ओहम भरतो. पंप 6 अँपिअर प्रवाह घेत असल्यास 6 गुणिले 2.4, म्हणजे 14 व्होल्टांहून थोडा अधिक दाब तारेतच खर्ची पडतो. एवढ्यावर निभावते. परंतु सुरू होताना मोटार पाच-सहा पट प्रवाह ओढू पाहते. त्या क्षणी साठ व्होल्टांच्या आसपास दाब वाटेतच जातो, आणि मोटारीचा जोर तर दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. मग मोटार नुसती गुणगुणते, फिरत नाही व तापते. ती उचलून दुरुस्तीला तालुक्याच्या गावी नेली जाते. दोष मात्र तारेत असतो. चार चौरस मिलिमीटरची तार घातल्यास नेहमीची घट सहा व्होल्टांच्या आत राहते. फ्यूज वारंवार जातो म्हणून त्यात जाड तार अडकविणे ही तर शुद्ध फसवणूक होय. फ्यूज वाचतो आणि वाइंडिंग जळते.

काही ठिकाणी परतीची तार वाचविण्यासाठी जमिनीत लोखंडी गज ठोकून त्यालाच न्यूट्रल मानतात. कोरड्या मातीचा रोध मोठा असल्याने गजाभोवतीच्या जमिनीत दाब पसरतो. बैलाच्या पुढच्या व मागच्या पायांत अंतर बरेच. त्या दोन जागांच्या दाबांतील फरकामुळे प्रवाह त्याच्या छातीतून जातो. जेथे माणसास केवळ झिणझिण्या येतात, तेथे बैल कोसळू शकतो.

मोटारीच्या लोखंडी अंगास जोडलेले अर्थिंग निराळे. त्यातून नित्याचा प्रवाह जावयाचा नसतो. वाइंडिंगमधील वीज अंगात उतरली तरच ते कामी येते. उन्हाळ्यात त्याच्या खड्ड्यात पाणी घालून माती ओली ठेवावी. तथापि अर्थिंगमधून गळणारा प्रवाह फ्यूज वितळविण्याइतका मोठा असेलच असे नाही. म्हणून वायरमनकडून आर.सी.सी.बी. स्विचही बसवून घ्यावा. तो गेलेला व परतलेला प्रवाह सतत ताडून पाहतो आणि फरक 30 मिलिअँपिअरवर जाण्यापूर्वीच मंडल तोडतो. मात्र 30 मिलिअँपिअरचाच स्विच मागून घ्यावा, आणि त्यावरील चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून तो खाली पडतो की नाही हे पाहावे.