आजोबांचा वस्तरा आणि ऐकीव सल्ले

1938 साली विनोबा धाम नदीच्या काठी पवनारला राहायला आले आणि हे गाव एका दाढीवाल्या माणसाच्या नावाने देशाला ठाऊक झालं. अशा गावात बसून दाढीच्या वस्तऱ्यावर लिहिणं जरा गमतीचंच. पण जुन्या घरातल्या ट्रंकेच्या तळाशी गंजलेला वस्तरा निघतो, आणि तो निघाला की घरभर सल्ले सुटतात. गंजाने होत नाही तेवढी खराबी या सल्ल्यांनी होते.

‘ग्राइंडरवर धर, दोन मिनिटांत चकाकेल.’ चकाकेल, आणि कामातून जाईल. वस्तरा सोलिंगेनचा असो की शेफील्डचा, त्याचं पोलाद पाणी देऊन कडक केलेलं असतं. धारेजवळ ते इतकं पातळ असतं की चाकावर क्षणात तापतं. 300 अंश सेल्सिअसच्या आसपास त्यावर निळी झाक येते. ती दिसली की पाणी उतरलं. मग कितीही घासा, धार टिकत नाही. हाताने, तेलाचा थेंब टाकून, बारीक पॉलिश पेपरने लाल गंज तेवढा काढावा. काळपट डाग राहिले तर राहू द्यावेत, ते पातं खात नाहीत. खड्डे धारेपर्यंत खोल गेले असतील तर वस्तरा कपाटात शोभेला ठेवावा.

गंजाने धनुर्वात होतो, हा आणखी एक समज. धनुर्वाताचे जंतू माती-शेणात असतात, गंज त्यांना जन्म देत नाही. तरी गंजका वस्तरा गालाला लावू नयेच, कारण तो कापण्याऐवजी ओरबाडतो.

‘नदीतला काळा दगड घे, कोयत्यासारखी धार येईल.’ कोयत्यासारखीच येईल! आपला काळा पाषाण वस्तऱ्यासाठी फार भरड. 1000 क्रमांकाच्या दगडापासून सुरुवात करून 8000 पर्यंत जावं लागतं. पात्याची पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकवून ठेवायची, म्हणजे कोन आपोआप साधतो. दगडावर धार पुढे, चामड्याच्या पट्ट्यावर पाठ पुढे. पट्टा धार सरळ करतो, बोथट वस्तऱ्याला नवी धार देत नाही.

मुठीबाबत लोक भावुक होतात. ‘मूळची आहे, बदलू नको.’ पण जुनी मूठ सेल्युलॉइडची असेल आणि कुजू लागली असेल, तर तिच्यातून आम्लाची वाफ निघते आणि मिटलेलं पातं आतल्या आत गंजतं. ती काढलेलीच बरी. नवीसाठी ‘साग तो साग’ म्हणतात. साग पाण्याला टिकतो खरा, पण तीन मिलिमीटर जाडीच्या पट्टीत शिसव जास्त दणकट. ताजं लाकूड वाळताना पिळवटतं. मोडलेल्या जुन्या खुर्चीचा पाय त्यापेक्षा चांगला. रेषा लांबीच्या दिशेने हव्यात. दोन्ही पट्ट्या एकत्र बांधून भोकं पाडावीत, शेवटी पातळ पाचर घालावी, म्हणजे पातं मधोमध बसतं. भोकांतून ओवलेल्या पितळी तारेची टोकं सोनाराच्या हलक्या हातोडीने हळूहळू पसरवावीत. जोर लावला की लाकूड फाटलंच. पातं थोडं अडत उघडलं पाहिजे, लोंबकळता कामा नये.

तेल कोणतंही चालतं, हेही खोटं. खोबरेल, शेंगदाण्याचं तेल लाकडावर सुकत नाही, चिकट राहतं. विदर्भातलं जवसाचं तेल सुकून कडक होतं. पातळ हात द्यावेत, मध्ये दिवस जाऊ द्यावेत. मात्र तेल पुसलेल्या चिंध्या गोळा करून टाकू नका; त्या आपोआप तापून पेटतात. पाण्यात भिजवा, मग फेका.

वस्तरा न्हाव्याच्याच हाती शोभतो, असंही म्हणतात. पवनारजवळच्या सेवाग्रामचे बापू यावर हसले असते. प्रिटोरियात गोऱ्या न्हाव्याने नकार दिल्यावर त्यांनी यंत्र विकत घेऊन स्वतःचे केस कापले. मागची बाजू बिघडली, कोर्टातले मित्र हसले, पण काम झालं. वस्तराही सरावाने हाताला बसतो. फक्त तो एकाच माणसाचा ठेवा. पातं पुसल्याने हेपटायटिस बी जात नाही. सलूनमध्ये दर गिऱ्हाइकाला नवं अर्धं ब्लेड लावतात ते याचसाठी.