नॅनो तंत्रज्ञान आणि श्रमिकाचा श्वास

'नॅनो' हा शब्द आता खताच्या बाटलीपासून पायमोज्यांच्या वेष्टनापर्यंत सर्वत्र दिसू लागला आहे. एका मीटरचे शंभर कोटी भाग केले, तर त्यांतील एक भाग म्हणजे नॅनोमीटर. माणसाच्या केसाची जाडी सुमारे ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर भरते. आणि हे तंत्रज्ञान मुख्यतः १ ते १०० नॅनोमीटर मापाच्या कणांशी व्यवहार करते.

इतक्या लहानपणाने काय बिघडते, असा प्रश्न पालक विचारतील. एक सेंटिमीटर बाजूचा घन घेतला, तर त्याचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर असते. त्याच घनाचे एकेक नॅनोमीटर बाजूचे तुकडे केले, तर सर्वांचे मिळून पृष्ठफळ ६,००० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दीड एकर होते. वजन मात्र तेवढेच राहते. घन पदार्थाची रासायनिक क्रिया त्याच्या पृष्ठभागावर घडत असल्यामुळे पदार्थाचा स्वभावच पालटतो. दागिन्यात पिवळे दिसणारे सोने या रूपात तांबडे दिसते. म्हणूनच 'हे द्रव्य आम्ही पूर्वीपासून वापरतो' हा युक्तिवाद येथे अपुरा पडतो.

रंगात आणि प्लॅस्टिकमध्ये शुभ्रपणासाठी वापरले जाणारे टायटॅनियम डायऑक्साइड घ्या. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने २०११ साली कामाच्या जागेतील हवेसाठी त्याच्या भुकटीची शिफारस-मर्यादा दर घनमीटरला २.४ मिलिग्रॅम ठेवली. अतिसूक्ष्म रूपासाठी मात्र ०.३ मिलिग्रॅम. द्रव्य एकच, पण मर्यादा आठपट कडक! खाद्यपदार्थांत रंग म्हणून त्याच्या वापरावर युरोपीय संघाने २०२२ मध्ये बंदी घातली. ते घातक असल्याचे सिद्ध झाले म्हणून नव्हे, तर त्यामुळे जनुकांना इजा होण्याची शक्यता नाकारता येत नाही म्हणून. हा विवेक आम्हांला मोलाचा वाटतो.

नाकातून गेलेले मोठे धूलिकण वरच्या श्वासमार्गातच अडकतात. नॅनोकण फुप्फुसातील वायुकोशांपर्यंत पोहोचतात आणि काही कण तेथून रक्तात उतरू शकतात. कार्बनच्या नॅनोनलिका तर लांब, बारीक आणि चिवट असतात. २००८ मध्ये उंदरांवर झालेल्या एका प्रयोगात लांब नलिकांनी उदरपोकळीच्या अस्तरावर ॲस्बेस्टॉससारखाच दाह निर्माण केला. सगळ्याच नलिका तशा वागत नाहीत, हेही त्या प्रयोगात दिसले.

ॲस्बेस्टॉसचे नाव आले की इतिहासाच्या विद्यार्थ्याला थांबावेच लागते. इंग्लंडमधील कारखाना-निरीक्षक ल्यूसी डीन यांनी १८९८ सालीच त्या धुळीतील काचेसारख्या टोकदार कणांकडे सरकारचे लक्ष वेधले होते. धुळीवर नियंत्रणाचे नियम तेथे १९३१ मध्ये आले आणि पूर्ण बंदी १९९९ मध्ये. निरीक्षणापासून बंदीपर्यंत एकशे एक वर्षे! या काळात मेले ते कातणारे, विणणारे, गोदीत पोती उचलणारे. आणि त्यांचे मळके कपडे धुणाऱ्या घरच्या स्त्रियाही. आपल्याकडे ॲस्बेस्टॉसचे सिमेंटी पत्रे गरिबांच्या घरांवर अजून आहेतच.

पाण्याची गोष्ट थोडी वेगळी. दुर्गंधी येऊ नये म्हणून काही मोज्यांत चांदीचे नॅनोकण घालतात. अशा मोज्यांपैकी काहींतून धुण्याच्या पाण्यात चांदी उतरते, हे अमेरिकेत २००८ मध्ये दाखवले गेले. चांदी जंतू मारते. पण सांडपाणी शुद्ध करण्याचे कामही जंतूच करतात. शुद्धीकरणात बरीचशी चांदी गाळात बसते, आणि जेथे तो गाळ खत म्हणून वापरतात, तेथे ती शेतात जाते.

या तंत्रज्ञानाला सरसकट शत्रू ठरवणे आम्हांला मान्य नाही. कर्करोगावरील काही औषधे आणि कोविडच्या काही लसी नॅनोकणांच्याच आधाराने शरीरात पोहोचवल्या जातात. प्रश्न कोरड्या भुकटीचा आहे. ती पोत्यातून ओतणारा, यंत्र पुसणारा, जमीन झाडणारा माणूस तिच्या सर्वांत जवळ असतो. रंग, प्लॅस्टिक वा सौंदर्यप्रसाधनांच्या कारखान्यांत असलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांनी मालाचे सुरक्षा-माहितीपत्रक मागून वाचावे आणि त्यात कणांचे माप दिले आहे का, ते पाहावे. भोपाळच्या दुर्घटनेनंतर, १९८७ मध्ये कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन कामगाराला अशी माहिती मागण्याचा हक्क मिळाला होता. भुकटी कोरडी झाडू नये, ओल्या फडक्याने टिपावी. तोंडाला बांधलेला रुमाल हे कण अडवत नाही. चेहऱ्यावर घट्ट बसणारा एन-९५ मुखपट मालकाकडून मागून घ्यावा, आणि कामाचे कपडे घरच्या धुण्यात मिसळू नयेत.