बाबांच्या बहिणींचाही आजार सांगा

सिकलसेल म्हणजे काय, हे नागपुरातल्या वस्त्यांना नव्याने सांगावे लागत नाही. आईवडील दोघांकडून दोष आला तर मूल आजारी, एकाकडूनच आला तर ते नुसते वाहक, हे आपल्या आयाबहिणींना तोंडपाठ आहे. स्तनाच्या आणि अंडाशयाच्या काही कॅन्सरच्या मुळाशीही असाच रक्ताच्या नात्यातून येणारा दोष असतो. त्याचा हिशेब मात्र निराळा आहे.

आमच्याच घरचे सांगतो. माझी थोरली आत्या पोटात पाणी होऊन गेली. सगळे जलोदर म्हणाले. धाकटीने छातीतली गाठ लाजेपोटी वर्षभर लपवली, तीही गेली. पुढे माझ्या चुलतबहिणीला ३८ व्या वर्षी स्तनाचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी विचारले, "घरात आधी कुणाला होता का?" काकूने आपले माहेर आठवून "नाही" सांगितले. मी शेजारीच उभा होतो. मलाही आत्या आठवल्या नाहीत. बाईचा आजार म्हणजे आईकडूनच येणार, हे डोक्यात पक्के बसलेले!

बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही जनुके शास्त्रज्ञांनी १९९४ आणि १९९५ साली शोधली. पेशीतली मोडतोड दुरुस्त करणे हे त्यांचे काम. प्रत्येकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची. आम्हा कारकुनांच्या भाषेत, एक प्रत खराब असली तरी दुसरीवर काम निघते. पण एखाद्या पेशीत ती दुसरीही बिघडली की दुरुस्ती थांबते आणि कॅन्सरला वाट मिळते. म्हणून इथे एकाच पालकाकडून आलेला दोषही पुरतो. तो वडिलांकडूनही येतो, आणि वडील स्वतः बहुधा ठणठणीत असतात. मुलगा असो वा मुलगी, प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी.

असा दोष असलेल्या शंभर स्त्रियांपैकी साठ-सत्तर जणींना आयुष्यात स्तनाचा कॅन्सर होऊ शकतो. अंडाशयाचा धोकाही मोठा, बीआरसीए-१ मध्ये शंभरात चाळीसच्या आसपास. पण सरसकट घाबरू नका. स्तनाच्या शंभर कॅन्सरमध्ये असे अनुवंशिक पाच ते दहाच.

तपासणी रक्ताची असते आणि शक्यतो आधी आजारी व्यक्तीची करतात. अमेरिकेत एका कंपनीने या जनुकांवर पेटंट घेऊन ठेवले होते. माणसाच्या अंगातल्या वस्तूवर मालकी! २०१३ साली तिथल्या सुप्रीम कोर्टाने ते नाकारले. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये अनुवंशिक कॅन्सरसाठी वेगळी सोय आहे. आपल्याकडे मेडिकलमध्ये किंवा तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटलात डॉक्टरांना आधी विचारावे.

चुलतबहिणीत दोष निघाला. मग तिच्या धाकट्या बहिणीतही. तिला दोन मुले आहेत. डॉक्टरांच्या सल्ल्याने तिने चाळिशीत अंडाशय काढून घेतले. मी रक्त दिले, माझ्यात तो नाही. त्यांचा भाऊ मात्र तयार नाही. त्याला दोन मुली आहेत. म्हणतो, "पोरींची लग्ने होऊ दे, मग बघू."