शितावरून भाताची परीक्षा

शितावरून भाताची परीक्षा करावी, असें आपल्याकडे म्हणतात. आणि भातापुरतें तें खरेंही आहे. एकाच भांड्यांत, एकाच आंचेवर शिजलेलें एक शीत दाबून पाहिलें, कीं बाकीच्यांची स्थिति कळते. परंतु हाच न्याय आपण माणसांनाही लावतों. मुलगा एकदां खोटें बोलला, कीं तो ‘लबाड’. नवी सून दोन दिवस अबोल राहिली, कीं ती ‘गर्विष्ठ’. हा न्याय माणसाच्या बाबतींत कितपत टिकतो, हा व्यक्तिमत्त्वाच्या मानसशास्त्रांतील एक मूलभूत प्रश्न आहे.

व्यक्तिमत्त्व म्हणजे केवळ छाप पाडणारें रूप किंवा वक्तृत्व नव्हे. विचार करण्याच्या, भावना अनुभवण्याच्या आणि वागण्याच्या ज्या प्रवृत्ति माणसांत दीर्घकाळ टिकतात व त्याला इतरांहून वेगळा ठरवितात, त्यांच्या समुच्चयाला शास्त्रज्ञ हें नांव देतात. अशा प्रवृत्तींसाठीं भाषेंत शब्दांची वाण नाहीं. गॉर्डन ऑलपोर्ट व हेन्री ऑडबर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं १९३६ सालीं इंग्रजी कोशांतून माणसामाणसांतील भेद दाखविणारे शब्द वेंचले, ते १७,९५३ भरले! पण शब्द आहे म्हणून त्या नांवाचा स्थिर गुण माणसांत असतोच, असें सिद्ध होत नाहीं. त्यासाठीं प्रत्यक्ष वर्तन तपासावें लागतें.

तशी तपासणी अमेरिकेंतच ह्यू हार्ट्सहॉर्न व मार्क मे यांनीं केली होती; तिचा पहिला खंड १९२८ सालीं प्रसिद्ध झाला. सुमारे ११,००० शाळकरी मुलामुलींना त्यांनीं फसवणुकीची संधि दिली. उदाहरणार्थ, उत्तरपत्रिका गोळा करून त्यांची गुपचूप नोंद ठेवावयाची. मग त्या बरोबर उत्तरांसह परत देऊन, आपले गुण आपणच मोजा, असें मुलांना सांगावयाचें. कोणीं उत्तर बदललें, तें मागाहून ताडून पाहतां येई. खेळांत, शर्यतींत, घरीं करावयाच्या अभ्यासांतही अशाच युक्त्या योजिल्या होत्या. प्रामाणिकपणा मोजण्यासाठीं संशोधकांनींच मुलांना अंधारांत ठेवलें, ही त्यांतील विसंगतीही ध्यानांत घेण्याजोगी आहे.

निष्कर्ष असा निघाला कीं, वर्गांत उत्तर बदलणारा मुलगा खेळांतही फसवीलच, असें सांगतां येत नाहीं. दोन गोष्टी पूर्णपणें जोडीनें चालल्या तर त्यांच्या संबंधाचा आंकडा एक येतो. मुळींच संबंध नसला तर शून्य. येथें निरनिराळ्या कसोट्यांमधील हा आंकडा सरासरीनें एक-चतुर्थांशाच्या आसपासच राहिला. पुढें १९६८ सालीं वॉल्टर मिशेल यांनीं अशाच प्रकारच्या पुराव्यांवरून स्थिर स्वभावगुणांच्या कल्पनेलाच आव्हान दिलें.

मग स्वभाव हा केवळ भ्रमच कीं काय? तसेंही नाहीं. सीमोर एप्स्टीन यांनीं १९७९ सालीं दाखविलें कीं, एका दिवसाच्या वर्तनावरून दुसऱ्या दिवसाचें अनुमान कच्चें ठरतें. पण अनेक दिवसांची सरासरी दुसऱ्या अनेक दिवसांच्या सरासरीशीं चांगली जुळते. एका प्रसंगांत भीति, थकवा, संगत अशा कित्येक गोष्टींची भेसळ असते. प्रसंग वाढले, कीं ती भेसळ गाळली जाते आणि स्वभाव दिसूं लागतो.

म्हणूनच संशोधक एका साधनावर विसंबत नाहींत. ते त्या व्यक्तीला प्रश्नावली देतात, तिच्या परिचितांना विचारतात, दैनंदिन वर्तनाच्या नोंदी घेतात. स्वतःविषयीं सांगतांना माणूस आपली बाजू सांवरून घेतो. परिचितांना त्याची एकच बाजू ठाऊक असते. म्हणून एक साक्ष दुसरीशीं ताडून पाहावी लागते. अशा छाननींतून मिळूनमिसळून वागणें, सौजन्य, कर्तव्यदक्षता, मनाची चंचलता आणि नव्या अनुभवांची ओढ हीं पांच व्यापक परिमाणें आज बहुमान्य झालीं आहेत. तीं प्रत्येकांत कमीअधिक असतात, आणि वयाबरोबर हळूहळू बदलतातही.

घरांत मुलाला ‘चोर’ किंवा ‘आळशी’ ही पदवी बहाल करण्यापूर्वीं, किंवा अर्ध्या तासाच्या मुलाखतींत उमेदवाराचा निकाल लावण्यापूर्वीं, एवढें तरी ध्यानांत घ्यावें: आपण किती प्रसंग पाहिले, आणि ते किती निरनिराळ्या ठिकाणीं पाहिले? भाताला एक शीत पुरतें. माणसासाठीं पुष्कळ शितें, आणि तींही अनेक चुलींवरचीं, तपासावीं लागतात.