दोन जुने संगणक, एक तार

माळ्यावर किंवा कपाटावर, जुन्या चादरीखाली झाकलेला एखादा संगणक आपल्याकडे बऱ्याच घरांत असतो. भातसानगरच्या आमच्या घरातही आहे. विंडोज एक्सपीवर चालणारा, सीपीयूचा डबा पिवळा पडलेला. आत लग्नांचे फोटो, शाळेचे प्रकल्प, कुणाकुणाचे अर्ज. हे बाहेर काढायला पेन ड्राइव्ह आहेच. पण तो संगणक एकदा तारेने थेट दुसऱ्या संगणकाला जोडून बघा. इंटरनेट नको, राउटर नको, कुठे नाव नोंदवायला नको. दोन टोकं दोन यंत्रांत खोचली की त्यांच्यात जे काही सुरू होतं, ते कितीही वेळा पाहिलं तरी मी थक्क होतो. त्या दोघांना सांगणारं तिसरं कुणी नसतं आणि तरी त्यांचं जमतं.

आधी तार बघू. लॅन केबलचं आवरण दोन बोटं सोललं की आत आठ बारीक तारा दिसतात, दोन-दोनच्या चार जोड्या: नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी. प्रत्येक जोडीला पीळ घातलेला असतो आणि नीट निरखलं तर चारही पीळ वेगवेगळे, कुठे घट्ट, कुठे सैल. ही युक्ती टेलिफोनच्या काळातली, अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्या १८८१ च्या पेटंटमधली. शेजारी पंपाची मोटर सुरू झाली की तिचा उपद्रव तारेवर येणारच. पण पिळामुळे तो जोडीतल्या दोन्ही तारांवर जवळपास सारखाच येतो आणि पलीकडच्या संगणकातलं नेटवर्क कार्ड वाचतं ते फक्त दोन तारांमधला फरक. दोन्हीकडे सारखीच भर पडली तर फरक बदलत नाही. पीळ वेगवेगळे ठेवायचे ते एका जोडीचं बोलणं दुसरीत झिरपू नये म्हणून. क्रिम्पिंग टूलने टोकाला जॅक बसवताना पीळ गरजेपुरताच उकलायचा, तो याचसाठी.

तार लागली की पोर्टजवळचा हिरवा दिवा लागतो. तेवढ्या क्षणभरात बोलणी होऊन गेलेली असतात. १९९० च्या सुमाराची कार्डं रिकाम्या तारेवर दर १६ मिलिसेकंदांनी एकच बारीक ठोका देत असत: मी इथे आहे. पुढे वेगवान कार्डं आली तेव्हा त्यांनी त्याच ठोक्याच्या जागी ठोक्यांचा एक झुपका पाठवायला सुरुवात केली. जास्तीत जास्त ३३ ठोके, २ मिलिसेकंदांत. त्यातच आपल्याला कोणकोणते वेग जमतात, ते सांगितलेलं. जुन्या कार्डाला तो झुपका नेहमीच्या एकाच ठोक्यासारखा वाटावा, अशीच त्याची रचना केलेली आहे. उलट नव्याला समोरून सुटा ठोका ऐकू आला, तर ते ओळखतं की पलीकडे जुनं कोणी आहे, आणि स्वतःचा वेग सेकंदाला १ कोटी बिटांवर आणतं. ज्यांनी हे ठरवलं त्यांनी जुन्या यंत्रांचा किती विचार केला होता!

आणखी एक अडचण असते. दोन्ही यंत्रं एकाच जोडीवर बोलू लागली, तर ऐकणार कोण? म्हणून पूर्वी एका टोकाला नारिंगी आणि हिरव्या जोडीची अदलाबदल केलेली 'क्रॉस' केबल लागायची. बहुतेक नवी कार्डं ही अदलाबदल आतल्या आत करतात. पण दोन्हीकडची कार्डं तशी असली तर? अरुंद दारात समोरासमोर आलेली दोन माणसं वाट द्यायला एकाच बाजूला सरकतात, तसा घोटाळा होईल. म्हणून प्रत्येक कार्ड बाजू कधी बदलायची, ते मनाशी टाकलेल्या फाशावर ठरवतं. दोघांचे फासे कायम सारखे पडत नाहीत आणि गाठ सुटते.

आता पत्ता हवा. पत्ते वाटणारा राउटर नाही, तर एक्सपी थोडा वेळ वाट बघतं आणि मग १६९.२५४ ने सुरू होणारा एक पत्ता स्वतःच निवडतं. (लिनक्समध्ये त्यासाठी नेटवर्कच्या सेटिंगमध्ये 'लिंक-लोकल' निवडावं लागतं.) निवडलेला पत्ता वापरण्याआधी ते तारेवर सगळ्यांना विचारतं, हा कुणाचा आहे का? उत्तर आलं नाही तर पत्ता आपला. नंतर कुणाला शोधायचं असेल तेव्हाही अशीच हाक जाते, आणि ज्याचा पत्ता असेल तो आपल्या कार्डाचा कारखान्यातून आलेला ४८ बिटांचा क्रमांक कळवतो. असे सुमारे २८१ लाख कोटी क्रमांक होऊ शकतात.

मग फाइल निघते. ३ एमबीचा एक फोटो दोन हजारांहून जास्त तुकड्यांत जातो आणि प्रत्येक तुकड्यामागे ३२ बिटांची पडताळणी असते. हिशोब चुकला की तो तुकडा टाकून द्यायचा आणि पुन्हा मागवायचा. सेकंदाला १० कोटी बिटांच्या जुन्या कार्डावरही हे सगळं पाव-एक सेकंदात आटोपतं. तोच फोटो फ्लॉपीवर न्यायचा तर तीन फ्लॉप्या लागल्या असत्या.

आपल्या देशातलं संगणकांचं जाळंही आधी असंच दोघांत सुरू झालं. अर्नेट प्रकल्पात १९८६-८७ च्या सुमारास जुहूची एनसीएसटी ही संस्था आणि पवईची आयआयटी टेलिफोनच्या डायल-अपने जोडली गेली. त्यासाठी वापरलेल्या यूयूसीपी या प्रोग्रामचं मूळ काम एका युनिक्स संगणकावरच्या फाइल दुसऱ्यावर उतरवणं. ईमेल गेली, तीही फाइल होऊनच.

आपल्या घरच्या दोन संगणकांत मात्र इतकं सगळं जुळूनही नव्या विंडोजला एक्सपीचं 'शेअर' केलेलं फोल्डर बहुधा उघडता येत नाही, आणि मला हे फार लागतं. तार, वेग, पत्ता, सगळं जुळलेलं असतं; अडतं ते वरच्या बोलीवर. एसएमबी नावाच्या या बोलीची जी पहिली आवृत्ती एक्सपी बोलतं, तिच्यातल्याच खिंडारातून मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' हा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला आणि त्याच वर्षीच्या विंडोज १० पासून ती सहसा बंदच असते. ती पुन्हा चालू करू नका, आणि एक्सपीला इंटरनेट तर अजिबात दाखवू नका.

वाट दुसरी आहे. १६ एप्रिल १९७१ ला एमआयटीत काम करणाऱ्या अभय भूषण यांनी दोन संगणकांत फाइलींची देवघेव कशी व्हावी, याचा एक मसुदा लिहिला. ते आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी. तो मसुदा म्हणजे एफटीपी. त्यात पुढे सुधारणा झाल्या, पण गाभा तोच राहिला. नव्या संगणकावर लिनक्स आणि एक छोटा एफटीपी सर्व्हर टाका, एक्सपीच्या एक्सप्लोररमध्ये वरच्या पट्टीत 'एफटीपी' आणि त्याचा १६९.२५४ चा पत्ता लिहा. फोल्डर उघडतं. लग्नाचे फोटो माउसने ओढून तिकडे टाका, जातात.