आत्या, मामा, आजी आणि कायदा : नात्यातलं मूल घरी आणताना

सिरसाळा आणि परळी तालुक्यातल्या गावांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास टोळ्या ऊसतोडीला जातात. लेकरं आजीकडे, आत्याकडे, मामाकडे राहतात. आपल्याला याची इतकी सवय झाली आहे की आई-वडील दोघेही वारले तरी 'मूल आमच्याकडेच आहे' एवढ्यावर विषय संपतो, कागद कोणी करत नाही. मूल बाल कल्याण समितीपुढे गेलं की मग नातेवाईक धावत येतात. "आमचंच लेकरू, मग संस्थेत का?" हा त्यांचा प्रश्न आम्ही नेहमी ऐकतो. प्रत्येक कार्यकर्त्याला याचं उत्तर माहीत हवं.

बाल न्याय अधिनियम २०१५ नुसार निराधार मुलाला २४ तासांत समितीपुढे हजर करावं लागतं. त्यानंतर घराची चौकशी होते. संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, असं हाच कायदा सांगतो. त्यामुळे नातेवाईकांनी लगेच समितीकडे लेखी अर्ज द्यावा. गप्प बसणं महागात पडतं. सांभाळणारं कोणी नाही असं चौकशीत दिसलं, तर दोन वर्षांपर्यंतचं मूल दोन महिन्यांत आणि त्याहून मोठं मूल चार महिन्यांत दत्तकासाठी मुक्त घोषित होऊ शकतं. मग ते परक्या घरी जाऊ शकतं.

घरी आणायचं ठरलं की तीन वाटा आहेत.

पहिली वाट ताब्याची. समिती मूल कुटुंबाकडे सोपवते, गरज वाटल्यास देखरेख ठेवते. मुलाचं नाव, वडिलांचं नाव, वारसा यांपैकी काहीच बदलत नाही. राज्याच्या बालसंगोपन योजनेत दरमहा २,२५० रुपये मिळू शकतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करायचा.

दुसरी वाट पालकत्वाची. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली जिल्हा न्यायालय पालक नेमतं. मुलाच्या नावावर शेत असेल तर ही वाट महत्त्वाची, कारण न्यायालयाच्या परवानगीशिवाय पालकाला ते विकता येत नाही. पालकत्व मूल १८ वर्षांचं होईपर्यंत असतं.

तिसरी वाट दत्तकाची. मूल कायमचं नव्या घरचं होतं, नंतर 'नको' म्हणता येत नाही. आपल्याला लागू असलेला १९५६ चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा बौद्धांचा स्पष्ट उल्लेख करतो. पण त्यात अटी आहेत. स्वतःला मुलगा असलेल्या काकाला पुतण्या दत्तक घेता येत नाही. आई-वडील दोघेही नसतील, तर पालकालाही न्यायालयाच्या परवानगीशिवाय मूल दत्तक देता येत नाही. म्हणून शंभराच्या स्टॅम्पवर गावात लिहिलेलं दत्तकपत्र अशा वेळी टिकत नाही. बाल न्याय कायद्यात काका, आत्या, मामा, मावशी आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा यांना नात्यातलं मूल दत्तक घेता येतं. मूल पाच वर्षांचं किंवा मोठं असेल तर त्याची संमती लागते. सप्टेंबर २०२२ पासून हा आदेश जिल्हाधिकारी देतात. मोठा भाऊ किंवा बहीण या यादीत नाही. त्यांच्यासाठी पालकत्वाची वाट बरी.

कोणती वाट धरायची हे मुलाच्या गरजेवरून ठरवा. म्हाताऱ्या आजीला दत्तकाची घाई करायला लावू नका. तिला ताबा आणि दरमहाची मदत पुरेशी ठरू शकते. आणि कोणाचा जीव लेकरापेक्षा त्याच्या दोन एकरांत अडकला असेल, तर ते समितीला सांगायला कचरू नका.

सिद्धार्थाला मावशी महाप्रजापतीने वाढवलं, आई गेल्यावर लहानग्या भीमाला आत्या मीराबाईंनी जीव लावला. दत्तक आणि पालकत्व हे दोन्ही विषय बाबासाहेबांच्या हिंदू कोड बिलात होते. ते बिल रखडलं म्हणून १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं. दत्तकाचा कायदा झाला २१ डिसेंबर १९५६ रोजी, महापरिनिर्वाणानंतर अवघ्या पंधरा दिवसांनी. तो आपल्या वस्तीत माहीत नसेल तर ती उणीव आपणच भरून काढायची आहे.

विहारातल्या पुढच्या बैठकीत एवढं करा : वस्तीत आई-वडिलांविना किती मुलं आहेत याची यादी करा. प्रत्येकाचा जन्मदाखला, आई-वडिलांचे मृत्यूदाखले, रेशनकार्ड, जातीचा दाखला आणि सातबारा एका फायलीत लावा. अडचण आली तर १०९८ वर फोन करा.