चार मैलांवर हुकलेली सरहद्द

फ्लाइट लेफ्टनंट दिलीप पारुळकर यांचं सुखोई-७ लढाऊ-बॉम्बफेकी विमान १० डिसेंबर १९७१ रोजी पाकिस्तानी हद्दीत पाडलं गेलं. ते हवाई छत्रीने उतरले आणि पकडले गेले. विमान पडलंच तर आपण कैदेतून पळून जाऊ, असं ते युद्धाआधीच बोलून बसले होते. बढाई वाटावी असं वाक्य. पण १९६५च्या युद्धात गोळी लागलेल्या हातानेच त्यांनी मोडकं विमान तळावर परत आणलं होतं.

रावळपिंडीच्या छावणीत भारतीय हवाई दलाचे बारा अधिकारी कैद होते. पारुळकर, एम. एस. ग्रेवाल आणि हरीश सिंहजी या तिघांनी कोठडीची भिंत पोखरायला घेतली. हत्यारं म्हणजे कात्री, सुरी, काटा असलंच काहीबाही. विटांमधला चुना-सिमेंट खरवडायचा, वीट सैल करायची, पहारेकऱ्याची चाहूल लागली की जागच्या जागी बसवायची. बाहेरच्या बाजूचा गिलावा मात्र शेवटच्या रात्रीपर्यंत शाबूत ठेवायचा. सुईला चुंबकत्व देऊन होकायंत्र केलं, छत्रीच्या कापडाच्या पिशव्या शिवल्या. वाट शोधायला ॲटलासचा आधार.

१२ ऑगस्ट १९७२च्या मध्यरात्रीनंतर धुळीचं वादळ उठलं आणि ते बाहेर पडले. बाहेरच्या राखणदाराने धूळ चुकवायला डोक्यावरून पांघरूण ओढून घेतलं होतं! सिनेमाचा खेळ सुटून निघालेल्या गर्दीत मिसळून त्यांनी पेशावरची बस पकडली. पुढे जमरूद, खैबर खिंड, आणि सकाळी लंडी कोटल. अफगाण सरहद्द उरली होती सुमारे चार मैल.

इथे घात केला तो नकाशाने. त्यात पुढचं रेल्वे स्थानक दिसत होतं लंडी खाना, म्हणून त्यांनी तिकडे जायची वाट विचारली. ते स्थानक १९३२ सालीच बंद पडलेलं! चाळीस वर्षांपूर्वीच्या स्थानकाची चौकशी करणारे हे कोण, असा तहसील कचेरीतल्या एका माणसाला संशय आला. त्या दिवसांत पाकिस्तानात अडकलेले बंगाली लोक याच वाटेने अफगाणिस्तानात निसटत. हे तिघेही त्यांतलेच वाटले आणि धरले गेले.

टोळीवाल्यांच्या त्या मुलुखात हेर म्हणून गोळी बसणंही अवघड नव्हतं. तेव्हा पारुळकरांनी जे केलं, ते मला भिंत फोडण्याहून मोठं वाटतं. त्यांनी पाकिस्तानी हवाई दलप्रमुखांच्या एडीसींना, म्हणजे लष्करी सहायकांना, फोन लावायला लावला. हे स्क्वाड्रन लीडर उस्मान पूर्वी याच कैद्यांच्या छावणीचे प्रमुख होते. त्यांच्या शब्दाखातर तिघांचे जीव वाचले.

पुढे सगळ्याच कैद्यांना लायलपूरच्या तुरुंगात हलवलं गेलं. १ डिसेंबर १९७२ रोजी ते वाघामार्गे मायदेशी परतले. ग्रुप कॅप्टन म्हणून निवृत्त झालेले पारुळकर ऑगस्ट २०२५ मध्ये वारले. १९६५च्या शौर्यासाठी त्यांना वायुसेना पदक मिळालं होतं, आणि पुढे विशिष्ट सेवा पदकही.